रॅम्पचा फोटो टाकलात का, गुरुजी?

नव्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेल्या गुरुजींनो आणि बाईंनो, समावेशित शिक्षणाला, म्हणजे दिव्यांग पोरांना सगळ्यांसोबत एकाच वर्गात शिकवायला, घाबरू नका. फार सोपं असतं. वर्गात नाही, मोबाईलवर करायचं असतं.

आधी पोरं मोजा. 2016च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण शहाण्या माणसाने 'निरंक' लिहावं. एक आकडा भरलात की मागोमाग प्रपत्रांची वरात येते.

वर्गात सत्तावीस पोरं, दोन इयत्ता एकत्र, शिक्षक एक? मग अठ्ठाविसावं, दिव्यांग पोर भिंतीकडे बसवा. शांत राहतं.

विशेष शिक्षकांची वाट बघा. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलंय. आमचे सर कंत्राटी, अर्धा तालुका त्यांच्या दुचाकीवर. महिन्यातून एकदा येतात, तेही पाऊस नसला तर. त्यांना नावं ठेवू नका, पगार कधी झाला तेवढं विचारा.

प्रमाणपत्रावर चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं; 38 आले तर आईला सांगा, देवाने दोन टक्के कमी दिले.

आता मुख्य विषय, रॅम्प. नियम म्हणतो, एक फूट चढाला बारा फूट लांबी. आमचा ओटा दीड फूट. म्हणजे अठरा फूट हवा. आहे पाच. ठेकेदाराने बहुधा घसरगुंडीचा नकाशा आणला असावा. वर पोचलात की दाराला चार बोटं उंच उंबरा, आणि शौचालयाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही ते वेगळंच. पण रंग झकास दिलाय, निळा-पांढरा, वर 'सुगम्य शाळा'.

गेल्या गुरुवारी रात्री पावणेदहाला ग्रुपवर साहेबांचा मेसेज. 'तात्काळ. रॅम्पवर व्हीलचेअरसह विद्यार्थ्याचा जिओ टॅग फोटो उद्या अकराच्या आत. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार.' शुक्रवारी आमच्या वर्गातला व्हीलचेअरवरचा, दुसरीतला पोरगा गैरहजर. कुठे? जिल्हा रुग्णालयात, प्रमाणपत्रासाठी तिसरी खेप, आईची तिसरी मजुरी बुडालेली. तसं कळवलं. फोनवरून उत्तर आलं, "अहो, मग दुसरं कुठलंही पोर बसवा की! पाठमोरा काढा, चेहरा कोण बघतंय?"

आणि मी बसवलं. चौथीतलं धडधाकट पोर. दोघांनी मागून रेटलं, तरी पुढची चाकं उंबऱ्याला अडलीच. तिसऱ्या क्लिकला फोटो बरा आला. ग्रुपवर सतरा अंगठे.

सोमवारी आमचा पोरगा आला. खुर्ची चोरीला जाऊ नये म्हणून कार्यालयात कुलपात, चावी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. मी फळ्यावर हजेरी लिहून वळेपर्यंत तो तळहात टेकत पायऱ्या चढून वर आलेला. मातीचे हात चड्डीला पुसले, म्हणाला, "गुरुजी, माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं ओ?" पोरांनी सांगितलं होतं त्याला.

काय सांगू त्याला, साहेब? तुम्ही सांगा. पाठमोऱ्या पोराचे फोटो बघून अंगठे दाखवणाऱ्यांनी सांगा. 'आमच्या बाळाशेजारी त्याला बसवू नका' म्हणत मागच्या आठवड्यात शाळेत आलेल्या पालकांनीही सांगा. मीही त्यातलाच, फोटो मीच काढलाय. पण यापुढे काढणार नाही. नोटीस द्या. आणि द्यायला आलात की टेप घेऊन या, पाच फूट तुमच्याच हाताने मोजा, मग त्या खुर्चीत बसून वर चढून दाखवा. मागून रेटायला कुणी येणार नाही.