केशवरावांचा पासवर्ड कसा ओळखावा

आपण नुकताच एखादा वापरलेला फोन विकत घेतला असेल आणि तो दिवसातून पन्नास वेळा एका अनोळखी माणसाच्या खात्याचा पासवर्ड मागत असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. फोनबरोबर आपल्याला एक माणूसही मिळाला आहे, आणि त्याचे वेगळे पैसे पडलेले नाहीत. त्याचे नाव आपल्याला कळणार नाही, कारण पडद्यावरील चौकटीत त्याच्या ईमेलचे पहिले अक्षर आणि त्यापुढे ठिपक्यांची रांग एवढेच दिसते. आमच्या वाट्याला आलेल्या गृहस्थांचे पहिले अक्षर 'के' होते. आईने त्यांचे नाव केशवराव ठेवले, आणि त्या दिवसापासून 'केशवराव आले बघ परत' हे वाक्य आमच्या घरात चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी आणि रात्री दिवे मालवतानाही ऐकू येऊ लागले.

फोन कोणत्या कंपनीचा होता हे मी सांगणार नाही. सांगितले, तर त्या कंपनीचे भक्त माझी फोन वापरण्याची लायकी काढतील, विरुद्ध कंपनीचे भक्त 'आम्ही आधीच म्हणत होतो' म्हणून पुढे येतील, आणि या दोघांच्या भांडणात केशवराव मात्र जागचे हलणार नाहीत. पुण्यातील एका दुकानातून मी तो आईसाठी १४,५०० रुपयांना घेतला. परदेशी असलेल्या नातवाचा चेहरा जरा मोठा दिसावा, एवढीच तिची अपेक्षा होती. 'एकदम क्लीन पीस आहे, काका,' असे सांगून दुकानदाराने वर टेम्पर्ड काच लावून दिली आणि पारदर्शक कव्हर फुकट दिले. बारा दिवस फोन उत्तम चालला. तेराव्या दिवशी माणसाचा आत्मा मार्गस्थ होतो अशी आपल्याकडे समजूत आहे. या फोनात तो नेमका तेराव्या दिवशी परत आला.

पहिला उपाय म्हणजे फोन बंद करून पुन्हा चालू करावा. त्याने काहीही होत नाही, परंतु ज्याला विचारावे तो हेच सांगतो, म्हणून ते आधीच उरकून टाकलेले बरे.

दुसरा उपाय सभ्यतेचा आहे. समोरचा काही विचारत असेल, तर त्याला उत्तर द्यावे. आईने त्या चौकटीत आधी स्वतःचे नाव लिहिले, मग माहेरचे आडनाव, मग गावाचे नाव, आणि शेवटी इंग्रजी अक्षरे एकेक शोधून 'मला माहीत नाही' असे लिहिले. आपण लिहिलेल्या प्रत्येक अक्षराचा लगेच काळा ठिपका होतो हे पाहून, 'मी लिहिते ते हा पुसतो कशाला?' असे तिने मला विचारले, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्याच चौकटीच्या तळाशी 'पासवर्ड विसरलात?' असा प्रश्न असतो. तो वाचून तिला हायसे वाटले. 'विसरायला आधी ठाऊक तरी हवा ना,' असे म्हणत तिने तो दाबला, आणि पुढे आठवडाभर, चौकट दिसली की ती तो भक्तिभावाने दाबत राहिली. ती तो दाबून फोन विचारील तिथे 'पुढे' म्हणत गेली की, आपला पासवर्ड कोणीतरी बदलू पाहत आहे, अशी सूचना केशवरावांच्या नव्या फोनवर जात होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तिसरा उपाय, घरातील संगणक अभियंत्याला विचारावे. तो आपण सर्व्हरच्या बाजूला काम करतो असे सांगतो.

चौथा उपाय म्हणजे दोन मिनिटांत कोणतेही लॉक काढून देणारे जे परोपकारी सद्गृहस्थ चित्रफितींखाली आपला क्रमांक देतात, त्यांना आगाऊ पैसे पाठवावेत. पैसे मात्र खरोखर दोन मिनिटांच्या आत जातात.

आता मुख्य उपायाकडे वळू, तो म्हणजे ज्याने फोन विकला त्याच्याकडे जाणे. यासाठी किमान तीन दुपारी मोकळ्या ठेवाव्यात. पहिल्या दुपारी मालक जेवायला गेलेले असतात. दुसऱ्या दुपारी ते जेवून आलेले असतात, परंतु आपल्याला ओळखत नाहीत. अशा वेळी आपण पावती पुढे करावी. पावती म्हणजे वहीतून फाडलेली एक चिठ्ठी असते. तिच्यावर 'मोबाईल १, चालू' असे लिहिलेले असते, आणि खाली रबरी शिक्क्याने 'गॅरंटी फक्त टेस्टिंगपुरती' असे उमटवलेले असते. त्या चिठ्ठीवर फोनची ओळख पटवणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक नसतो. का नसतो, असे विचारू नये; विचारले, तर 'काका, पक्क्या बिलाला जीएसटी पडतो' असे उत्तर मिळते, आणि जणू काही आपल्या भल्यासाठीच ते बिल दिले नव्हते असा भाव त्यामागे असतो. तिसऱ्या दुपारी मालक फोन हातात घेतात, चौकट पाहतात, आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याप्रमाणे क्षणभर डोळे मिटून सांगतात, 'सॉफ्टवेअर मारावं लागेल.' सॉफ्टवेअर मारणे म्हणजे फोन संगणकाला जोडून पूर्ण पुसणे, आणि त्याचे ६०० रुपये. हे ६०० रुपये माझ्याकडून का, फोन तर तुम्हीच विकलात, असे मी विचारले, तेव्हा काउंटरच्या पलीकडे हॉट एअर गन घेऊन कोणत्या तरी फोनची काच सोडवत बसलेला मुलगा मान वर न करता म्हणाला, 'काकांनी काहीतरी दाबलं असणार.' मी काही दाबले नव्हते. आईने दाबले होते, आणि तेही तिसऱ्याच ठिकाणी, आणि त्याचा या चौकटीच्या उगमाशी सुतराम संबंध नव्हता. तरीही चार गिऱ्हाइकांच्या देखत मला अपराध्यासारखे वाटले, आणि मी मुकाट्याने ६०० रुपये काढून दिले, याचा मला आजही राग येतो.

दोन दिवसांनी फोन मिळाला तो दुकानातच उघडून पाहायला हवा होता. मी तो घरी येऊन उघडला. पडद्यावर जगातील निरनिराळ्या भाषांत स्वागत झाले, भाषा निवडली, वायफाय जोडले, आणि पुढच्याच पडद्यावर कुलपाचे चित्र आणि त्याखाली 'के', ठिपके, ठिपके, ठिपके. आता ना घंटी, ना नातू, ना साधा फोन. पूर्वी केशवराव दारातून हाका मारत होते. सॉफ्टवेअर मारल्यावर ते आत जाऊन कडी लावून बसले.

घडले होते ते अगदी साधे होते. फोन चोरीला गेला तरी चोराला तो वापरता येऊ नये, म्हणून ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आणले आणि गुगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ मध्ये तशीच सोय केली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर २०१४ मध्ये यासाठी कायदाच केला. संगणकाला जोडून फोन पूर्ण पुसला, तरी तो पुन्हा सुरू होताना आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. कुलूप उत्तम आहे, माझे त्याच्याशी भांडण नाही. केशवरावांनी जुना फोन देऊन नवा घेतला, आणि जुन्यातून आपले खाते काढले नाही. दुकानात त्या फोनमधील छायाचित्रे आणि संदेश हाताने पुसले गेले, पडदा पुसला गेला, कव्हर बसले आणि फोन काचेच्या कपाटात गेला. पुढे कधीतरी केशवरावांनी आपल्या खात्याचा पासवर्ड बदलला, आणि फोन इमानदारीने नवा पासवर्ड विचारू लागला.

छायाचित्रे हातानेच का पुसली, याचा विचार मी त्या रात्री अंथरुणात पडून केला. फोन पूर्ण पुसण्याला पाच-दहा मिनिटे लागतात. पाच-सहाशे छायाचित्रे आणि संदेश निवडून पुसण्याला त्याहून नक्कीच अधिक लागतात. मग अधिक कष्टाचा मार्ग कोणी का घ्यावा? कारण पूर्ण पुसला असता, तर दुकानातच पासवर्डची मागणी झाली असती, केशवरावांना बोलवावे लागले असते, किंवा तो फोन सुट्या भागांच्या किमतीत काढावा लागला असता. दुकानदारांना हे ठाऊक होते. ज्या दिवशी 'क्लीन पीस' म्हणून तो माझ्या हातात दिला, त्या दिवशी ठाऊक होते, आणि ज्या दिवशी ६०० रुपये घेतले, त्या दिवशीही ठाऊक होते.

या टप्प्यावर वाचक अधिकृत सेवाकेंद्राचे नाव सुचवतील. तेथे टोकन मिळते, वातानुकूलन असते आणि बसायला खुर्ची असते. तेथील मुलीने अतिशय मृदू आवाजात, 'सर, मूळ खरेदीचे बिल आणा, त्यावर आयएमईआय हवा,' असे सांगितले. तिचे काही चुकत नव्हते. तिने माझ्यासारख्या प्रत्येक माणसाचे कुलूप काढून दिले, तर कुलपाला अर्थ काय राहिला? परंतु तिने माझ्याकडे, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले त्या नजरेत जो प्रश्न होता, तो मला एकसष्ट वर्षांत प्रथमच कोणी विचारत होते.

अखेरचा उपाय आपल्या हातात नसतो. एके सकाळी आईने, सवयीने, फोन वायफायला जोडला, आणि कुलपाखाली नवी अक्षरे उमटली: हा फोन हरवला आहे, कृपया या क्रमांकावर संपर्क साधावा. आठवडाभर आलेल्या सूचनांना वैतागून केशवरावांनी स्वतःच तो हरवल्याची नोंद केली होती. मी क्रमांक लावला. पलीकडून पहिलेच वाक्य आले, 'तुम्ही हा फोन कुठून उचललात?' मी दुकान सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, 'अहो, मीही तिथेच दिला होता. ते म्हणाले, आम्ही सगळं काढून टाकतो.' बोलता बोलताच त्यांनी घरच्या संगणकावरून आपल्या खात्यातून तो फोन काढला. आई गॅसवरच्या दुधाकडे पाहत उभी होती; दूध वर यायच्या आत काम झाले.

दूध वर यायच्या आत! आठ दिवस, तीन दुपारी, ६०० रुपये, सेवाकेंद्रातील ती नजर, आणि शंभर वेळा 'मी काय चुकीचं दाबलं रे?' म्हणून विचारणारी आई, हे सारे एका मिनिटाच्या कामासाठी. केशवराव, आपले खरे नाव मला आता ठाऊक आहे आणि आपण मनाने चांगले आहात, तरीही आपल्याला सांगतो: आपले खाते, आपली छायाचित्रे आणि आपला पासवर्ड दुकानातील पोरांच्या भरवशावर टाकून नवा फोन मिरवत घरी जाणे हा शुद्ध गाढवपणा आहे. खाते स्वतः बाहेर काढायचे, फोन स्वतः पुसायचा, आणि मग तो काउंटरवर ठेवायचा. आणि माझाही गाढवपणा कमी नाही. पैसे देण्यापूर्वी मी हुशारीने *#०६# दाबून आयएमईआय काढला होता, 'केवायएम', म्हणजे 'नो युवर मोबाईल', असे लिहून तो सरकारच्या १४४२२ या क्रमांकावर संदेशाने पाठवला होता, आणि फोन चोरीच्या वगैरे फोनांच्या काळ्या यादीत नाही असे उत्तर आल्यावर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. परंतु सेटिंग उघडून सर्वांत वर कोणाचे नाव आहे एवढे पाहिले नाही, आणि तो माझ्यासमोर पुसून पहिल्या पडद्यापासून चालू करून दाखवा असे म्हणायला मला भीड वाटली. भीड कसली? १४,५०० रुपये मी देत होतो.

आणि दुकानदारसाहेब, आपण. फोनसाठी म्हातारी माणसे आपल्याकडे येतात, आपल्याला 'बाळा' म्हणतात, आपण सांगाल ते खरे मानतात, आणि घरी गेल्यावर बिघाड झाला, तर आपलेच बोट चुकले असे समजून गप्प बसतात. हे आपल्याला पक्के माहीत आहे आणि त्यावरच आपले काचेचे कपाट उभे आहे. ते सॉफ्टवेअर आपण मारले, त्याने फोन सुधारला नाही, उलट पूर्ण बंद पडला, आणि तो सुरू झाला तो आपल्यामुळे नव्हे. माझे ६०० रुपये परत हवेत, आणि सोबत आयएमईआय लिहिलेले पक्के बिल हवे, जीएसटी माझा. मी शुक्रवारी चौथी दुपार मोकळी ठेवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आईने आपल्या नव्या फोनात स्वतः साठवून घेतला आहे, आणि या खेपेस माझ्याबरोबर तीही येणार आहे.