अलाबामाची सोरोरिटी आणि हार्वर्डचा प्रवेश

‘अलाबामा विद्यापीठात सोरोरिटी मिळणे हार्वर्डच्या प्रवेशापेक्षा अवघड, जिथे मुली जास्त तिथे चुरस जास्त, आणि उत्तरेकडच्या विद्यापीठांत मागेल तिला घेतात.’ सोरोरिटी म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांतली, सदस्य निवडून घेणारी मुलींची संघटना; ‘रश’ म्हणजे भेटींच्या फेऱ्यांतून होणारी ही निवड. २०२१च्या ऑगस्टमध्ये अलाबामातल्या रशचे, म्हणजे ‘बामा रश’चे, टिकटॉक व्हिडिओ जगभर पोहोचले, तेव्हापासून हे तिपेडी विधान बिनदिक्कत पुढे ढकलले जात आहे.

पहिला पेड लगेच सुटतो. हार्वर्ड शंभर अर्जदारांतून चौघांच्या आसपास घेते. अलाबामात अलीकडे दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास मुली रशसाठी नाव नोंदवतात आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलींना कोणत्या ना कोणत्या सोरोरिटीचे निमंत्रण, म्हणजे बिड, मिळते. सोरोरिटी मिळणे वेगळे आणि मनातली सोरोरिटी मिळणे वेगळे. चुरस आहे ती दुसऱ्या गोष्टीसाठी.

संख्येचा मुद्दा अधिक फसवा आहे. प्रत्येक सोरोरिटीने किती मुली घ्यायच्या हा कोटा आधीपासून दगडावर कोरलेला नसतो; शेवटच्या फेऱ्यांपर्यंत टिकलेल्या मुलींची संख्या साधारणपणे सोरोरिटींच्या संख्येने भागून तो ठरतो, त्यामुळे मुली वाढल्या की जागाही वाढतात, आणि म्हणूनच तिथल्या एकेका शाखेत चारशेहून अधिक सदस्य दिसतात. शिवाय २००३पासून रुळलेल्या पद्धतीनुसार, जिला जास्त मुली पसंती देतात त्या सोरोरिटीला सुरुवातीच्या फेऱ्यांतच जास्त नावे गाळावी लागतात. आपल्याकडच्या कॅप फेऱ्यांतून गेलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. मात्र इथे गुणवत्ता यादी नसते आणि पसंतीक्रम दोन्ही बाजूंनी लागतो. अखेरच्या भेटी संपल्या की मुलगी तिथल्या तिथे पसंतीचा अर्ज सही करून भरते. दोन घरांची, म्हणजे सोरोरिटींची, दारे उघडी असताना जिने एकच नाव लिहिले, तिच्या हाती काहीही न लागण्याचा धोका असतो. दोन्ही लिहिणारीला बहुधा सामावून घेतले जाते, प्रसंगी कोट्याबाहेरही. सहीनंतर आलेली बिड नाकारली, तर त्या विद्यापीठातल्या दुसऱ्या सोरोरिटीचे दार सुमारे वर्षभर बंद होते. आवडते घर गेल्यावर स्वतःहून माघार घेणाऱ्या मुलीही कमी नसतात, आणि त्यांना ‘नाकारलेल्या’ म्हणून मोजणे हा निव्वळ आळस आहे.

उत्तरेकडे ‘मागेल तिला’ हेही तपासून पाहावे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डार्टमथ कॉलेजात मुलींना दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागते. तिथे मुली कमी, पण सोरोरिटीही मोजक्याच, आणि तोवर कोण कोणाला ओळखते, कोणाबद्दल काय बोलले जाते, हे सगळे ठरून गेलेले असते. अशी चाळणी आठवडाभराच्या व्हिडिओत सापडत नाही, एवढाच फरक.

राहिली खरी कठोर बाजू, जी हे विधान पसरवणाऱ्यांना दिसतच नाही. २०१३च्या सप्टेंबरात अलाबामाच्याच ‘द क्रिम्झन व्हाइट’ या विद्यार्थी-वृत्तपत्राने छापले की, उत्तम शैक्षणिक कामगिरी असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला काही शाखांतल्या सदस्य मुली घ्यायला तयार होत्या, पण माजी सदस्य आडव्या आल्या. बोभाटा झाल्यावर विद्यापीठाने बिड देण्याची प्रक्रिया पुन्हा खुली करायला लावली, तेव्हा काही कृष्णवर्णीय मुलींना त्या घरांत प्रवेश मिळाला.