शून्य एकच तर वाढलं होतं!

एखाद्या इतिहासकारावर पुरावे वाकवल्याचा आरोप झाला म्हणून घाईघाईने त्याची पुस्तकं रद्दीत घालू नका. माणूस आहे, चुकतो. त्यातून पुस्तक जाडजूड असेल, खाली बारीक टायपात जर्मन तळटीपा असतील, तर शंका घेणं म्हणजे पाहुण्याच्या ताटातल्या पोळ्या मोजणं.

हिटलरवर पुस्तकं लिहिणारे ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्व्हिंग यांचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर केलेल्या बॉम्बहल्ल्याविषयीच्या १९६३ सालच्या पुस्तकात त्यांनी १,३५,००० मृत सांगितले. पुढे त्यांना २,०२,०४० मृतांचा आकडा असलेला कागद सापडला. तोही पुस्तकात आला. मूळ जर्मन अहवालात होते २०,२०४. कुणीतरी मागे एक शून्य चिकटवलं होतं. पण शून्यासाठी कुणाला बोल लावावा? ते तर आपणच जगाला दिलं म्हणतो!

अक्षराचंही तसंच. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आळ आपल्याकडे आनंदीबाईंवर आहे, पण ती चिठ्ठी काही कुणी समोर ठेवत नाही. हिटलरच्या एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर, त्याची टेलिफोन-वही मात्र शाबूत आहे. १ डिसेंबर १९४१ च्या नोंदीत त्याने लिहिलं होतं, की एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी राहायचं आहे. त्यातल्या ‘हाबेन’चं (म्हणजे ‘-यचं आहे’) आयर्व्हिंगनी ‘युडेन’ (म्हणजे ‘ज्यू’) वाचलं, आणि ज्यूंना आहेत तिथेच राहू देण्याचा हुकूम तयार झाला. आदल्या दिवशीची नोंद बर्लिनहून निघालेल्या एका गाडीतल्या ज्यूंना मारू नका अशी होती. ती त्यांनी सगळ्या ज्यूंना लागू केली, वर श्रेय हिटलरला दिलं. त्या गाडीतल्या सुमारे हजार माणसांना लाटव्हियातल्या रीगाजवळ त्याच सकाळी गोळ्या घातल्या गेल्या होत्या. हिमलरचा फोन दुपारी झाला.

कुणी म्हणेल, या चुका सगळ्या एकाच बाजूला कशा झुकतात? काय प्रश्न आहे! रिक्षाचं मीटर बिघडलं की ते कधी हळू पळाल्याचं ऐकलंय?

तरी काही लोक चिकट असतात. डेबोरा लिपस्टॅट या अमेरिकन प्राध्यापिकेने आयर्व्हिंगना ज्यू-संहार नाकारणारे म्हटलं. त्यांनी तिच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. जागा झकास निवडली. तिथल्या कायद्यात लिहिलेलं खरं होतं हे लिहिणाऱ्यानेच सिद्ध करायचं असतं. मग रिचर्ड इव्हान्स नावाच्या इतिहासकाराने आयर्व्हिंगच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडल्या. दोन वर्षांहून जास्त काळ, मदतनीस घेऊन! अहवाल सातशेहून जास्त पानांचा. तुम्ही असलं काही करू नका, डोळे जातात. तळटीप दिसली की नमस्कार करून पुढचं पान उलटावं, ती असते त्यासाठीच.

११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला, की आयर्व्हिंगनी पुराव्यांची मोडतोड जाणूनबुजून, स्वतःच्या विचारसरणीपायी केली. न्यायाधीशच ते, त्यांना इतिहासातलं काय कळतं?

आपल्या बाजूने आयर्व्हिंग स्वतःच उभे राहिले होते, वकील न देता. समारोपाच्या भाषणात न्यायमूर्तींना उद्देशून ते ‘माइन फ्युरर’ (हिटलरला त्याची माणसं म्हणत ते, ‘माझ्या नेत्या’) म्हणून गेले, असं त्या दिवशी कोर्टात बसलेल्यांनी लिहून ठेवलंय. जीभ घसरली, दुसरं काय. घसरली तीही त्याच बाजूला.