रस्ता स्वतःचा खर्च स्वतः काढतो?

गटागटांत फिरणारा एक मजकूर बहुतेकांनी वाचला असेल. 'रस्ते आम्हा गाडीवाल्यांच्या करातून होतात, वापरतो तेवढं भरतो. रेल्वे-बस मात्र सगळ्यांच्या खिशातून पोसावी लागते, आणि तरी ती तोट्यातच. हा तोटा भरणं बंद करा, त्या पैशात रस्ते रुंद करा.' ऐकायला रोखठोक आहे. आता एकेक विधान घेऊ.

'रस्ते आमच्या करातून होतात.' यासाठी दाखला हमखास अमेरिकेचा. तिथे 1956 साली महामार्गांसाठी वेगळा निधी काढला आणि इंधनावरचा कर त्यात जमा होऊ लागला. कागदावर व्यवस्था चोख. पण केंद्र सरकारचा पेट्रोलकर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवरच आहे. दरम्यान मजुरी वाढली, डांबर महागलं, गाड्या कमी पेट्रोलवर जास्त धावू लागल्या. कर वाढवून मतदारांचा रोष ओढवून घ्यायला मात्र दोन्ही पक्ष नाखूश. 2008 पासून या निधीत सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते आहे. 2021 च्या एकाच कायद्याने 118 अब्ज डॉलर ओतले.

यावर 'तो पैसा बस-मेट्रोने खाल्ला' हे उत्तर तयारच असतं. त्या 18.4 सेंटपैकी सार्वजनिक वाहतुकीच्या वाट्याला येतात 2.86 सेंट. आणि 118 अब्जांपैकी 90 अब्ज गेले महामार्गांच्याच खात्यात. ज्याच्या दारात गाडी नाही, तोही तिथे महामार्गाचे पैसे भरतो.

ब्रिटनमध्ये तर अर्थमंत्री असताना विन्स्टन चर्चिल यांनी 1926 सालीच रस्तेनिधीतला पैसा दुसऱ्या खर्चाकडे वळवला होता. राखीव म्हणून ठेवलेला निधी किती काळ राखीव राहतो, हे ज्याच्या हाती तिजोरी असते त्याच्यावर ठरतं.

'वापरतो तेवढं भरतो.' अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. रस्त्याची झीज एका आसावर येणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते, असं त्या चाचणीतून पुढे आलं. भार दहापट, तर झीज दहा हजारपट. अवजड ट्रक मोटारीपेक्षा दहा हजारपट कर भरतो का? कुठेच नाही. म्हणजे रस्त्यावरही कुणीतरी कुणाला पोसतंच आहे, आणि हा मजकूर पुढे पाठवणारा मोटारवाला बहुधा पोसणाऱ्यांत आहे.

'रेल्वे-बस तोट्यात.' खरी मेख इथे आहे. बसला तिकीट असतं, म्हणून तिच्या ताळेबंदात तोटा दिसतो. बहुतेक रस्त्यांना तिकीट नाही, त्यामुळे त्यांचा तोटा लिहायला रकानाच नाही. तिथे तो 'तरतूद' म्हणून अंदाजपत्रकात बसतो. तीच रक्कम बसला दिली की 'अनुदान', रस्त्याला दिली की 'गुंतवणूक'. शिवाय स्थानक झालं की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो, तो फायदा वाहतूक चालवणाऱ्याच्या वहीत येतच नाही. हाँगकाँगच्या मेट्रोने तो वहीत आणला. स्थानकांवरच्या आणि लगतच्या जमिनीच्या विकासातून ती कमाई करते. रस्त्यामुळेही जमिनीचा भाव चढतोच. तो जातो जमीनमालकाकडे, आणि आखणी कुठून जाणार हे ज्याला आधी कळलं त्याच्याकडे. यावर मात्र मजकूर गप्प आहे.

'रस्ते रुंद करा.' अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 पर्यंत रुंद करून झाला. काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून 26 मार्गिका. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. मोकळा रस्ता नव्या गाड्या बोलावतो.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. रेल्वेचे प्रकल्प अंदाजाबाहेर जातात, आणि तेही वाहतुकीच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लिव्हब्येर्ग आणि सहकाऱ्यांनी 2002 साली वाहतुकीचे 258 प्रकल्प तपासले. रेल्वेचा खर्च सरासरी 45 टक्क्यांनी फुगलेला, रस्त्यांचा 20 टक्क्यांनी. आकडे मुद्दाम कमी दाखवले जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळत नाही, आणि अर्ध्यावर आलेला प्रकल्प बंद करायला कुणी धजत नाही. रेल्वेवाल्यांना याचा जाब जरूर विचारा. फक्त तो 20 टक्क्यांचा जाब रस्तेवाल्यांनाही विचारा.

आता विजेच्या गाड्या आल्यात, त्या पेट्रोलकर भरतच नाहीत. न्यूझीलंडने 1 एप्रिल 2024 पासून त्यांनाही अंतरानुसार शुल्क लावलं. 'वापरतो तेवढं भरतो' म्हणणाऱ्यांनी आपल्याकडे ही मागणी करून पाहावी. मजकूर किती जण पुढे पाठवतात ते कळेल.