चार मिनिटांत आजींना स्टेजवर आणा म्हणे

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. रिसेप्शन घोडबंदरला. हॉल झाला, केटरर झाला, मेंदीवाली झाली. वाजवणारे तेवढे राहिले होते आणि ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं. लाइव्ह बँडच हवा, हा हट्टही माझाच. तर आज दुपारी एका इव्हेंटवाल्याच्या ऑफिसात गेले. एसी, काचेचं टेबल, आल्याआल्या पाणी. तिथल्या मुलानं टॅबवर त्यांच्या बँडचा व्हिडिओ लावला. सहा जण, सगळ्यांना काळे कोट. बरं चाललं होतं. मग ऑक्टोपॅडवाल्यानं मध्येच काठ्या खाली ठेवल्या, खिशातून रुमाल काढला, मान पुसली. आणि ठेका चालूच!

मी म्हटलं, अरे, हे वाजवतंय कोण?

"काकू, बेसिक सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. वरून आपले आर्टिस्ट फिलिंग देतात."

"मग यात लाइव्ह काय?"

"सिंगर लाइव्ह आहेत ना. आणि खरं सांगू का, कुणाला कळतं?"

कुणाला कळतं! ठाण्यात माजिवड्यापासून नौपाड्यापर्यंत रिक्षात मी हे एकच वाक्य चघळत आले. 85 हजार सांगतो, सहा माणसांचे घेतो, आणि वर कुणाला कळतं.

पण खरी ठिणगी त्याच्या पुढे पडली. मी त्याला सांगितलं, भाची स्टेजवर जाणार ती आजीचा हात धरून. आजी म्हणजे माझी आई, वय 83, दोन्ही गुडघे गेलेले. तर हा म्हणतो, "एंट्रीचा ट्रॅक चार मिनिटांचा आहे काकू, तेवढ्यात आजींना स्टेजवर आणा. नाहीतर व्हीलचेअर डेकोरेट करून देतो, फुलांची, मस्त दिसते." मी उठले. पाणी अर्धं तसंच टाकून उठले.

आता माझ्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणतील, आली परत 1984 वर. हो, येणारच.

आठवीत होते. गॅदरिंग शाळेच्या मैदानातच, मांडव घालून. आमचं कोळीनृत्य. मागचा पडदा चित्रकलेच्या बाईंनी आमच्याकडून करून घेतला होता. जुन्या चादरी एकमेकींना शिवल्या, त्यावर खळ फासली आणि कपड्यांना घालायच्या निळीनं समुद्र रंगवला. आठवडाभर चित्रकलेचे तास, पीटीचे तास, सगळं त्या समुद्रात गेलं. तीन दिवस बोटं निळी होती, डब्यातली पोळीसुद्धा निळ्या हातानं खाल्ली. पुठ्ठ्याचे मासे कापले, त्याला चॉकलेटच्या चांदीचे खवले लावले. त्याच बाईंनी आम्हाला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलं, पुढे इंटरमिजिएटला बसवलं. वस्तुचित्रात सतत तो पितळेचा तांब्या. मार्कांसाठी कुणीच करत नव्हतं तेव्हा. आता इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीत 7 मार्क वाढतात, बीला 5, सीला 3, म्हणून आया क्लास शोधतात. शोधू देत. निदान पोरं ब्रश तरी धरतात.

तर नाच टेपवर होता. दोन कडवी झाली आणि टेपनं कॅसेट खाल्ली. (माझा भाऊ म्हणतो कॅसेट वगैरे काही नाही, लाइट गेली होती. असेल. तो तेव्हा पाचवीत होता आणि मांडवामागे बोरं खात होता.) आम्ही सोळा जणी टोपल्या घेऊन तशाच उभ्या. तेवढ्यात खालून पेटी सुरू झाली. गाण्याचे सर, माइक नाही काही नाही, पुढच्याच कडव्यापासून. आणि ढोलकीवर कोण, तर आमचे शिपाईमामा! घंटा देणारे मामा ढोलकी वाजवतात हे शाळेला त्या दिवशी कळलं.

आणि मग मी पडले. लुगड्याचा काष्टा सुटला, पाय अडकला, टोपली उपडी. मासे सगळ्या स्टेजभर. लोक हसले. मी रांगत मासे वेचत होते, आणि सर तीच ओळ परत, तीच ओळ परत. तीनदा की चारदा. मामांनी ठेका अगदी हळू केला. शेवटचा मासा टोपलीत पडला, मी उभी राहिले, सरांनी माझ्याकडे मान हलवली आणि गाणं पुढे गेलं. प्रेक्षकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्या पडल्या हो!

आता सांगा, तो चार मिनिटांचा ट्रॅक थांबला असता माझ्यासाठी?

मागच्या वर्षी एका शाळेच्या आर्ट डेला गेले होते, नात्यातली छोटी होती नाचात. कोरिओग्राफर बाहेरचा, ड्रेस भाड्याचे, मागे एलईडीवर समुद्र. लाटा हलत होत्या, माझ्या निळीच्या समुद्रापेक्षा शंभरपट खरा दिसत होता, कबूल. पण ती पोर एक स्टेप चुकली आणि गाणं तिला टाकून पुढे निघून गेलं. पूर्ण नाचभर ती एक स्टेप मागे. शेवटी सगळ्या थांबल्या तेव्हा हिचा एकटीचा हात वर. मला तिच्याकडे बघवेना.

मला कळतं, माणसं परवडत नाहीत. डीजे निम्म्याहून कमी पैशात येतो. जिवंत माणसं बेसूर होतात, उशिरा येतात, जेवायला बसली की उठत नाहीत. आणि ट्रॅकवर वाजवणाऱ्या त्या पोरांवर तरी काय राग काढायचा? 2020-21 मध्ये कार्यक्रमच बंद होते, कितीकांनी वाद्यं विकली असतील. रुमालानं मान पुसणारा तो मुलगा घरी चांगलं वाजवतही असेल. त्याला वाजवू कोण देतंय? राग माझा त्या "कुणाला कळतं"वर आहे.

आणि कळतं की! चेंदणी कोळीवाड्यात हळदीला बेंजो लागतो तेव्हा बघा. बेंजो म्हणजे आपलं बुलबुलतरंग, मूळ जपानी वाद्याचं पोर, पण आता पक्कं ठाणेकर झालंय. वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायावर असते. एखादी म्हातारी मध्ये आली की तो चाल उतरवतो, ती दमून खुर्चीत बसली की परत चढवतो. त्याला कुणी शिकवलंय का हे? (रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, ते वेगळं. तेही बरोबरच आहे, समोरच्या इमारतीत परीक्षेची पोरं असतात.)

भाचीशी बोलले आत्ता फोनवर. ती म्हणते, "आत्या, एंट्रीला तुला हवं ते कर, पण जेवणानंतर आम्हाला डीजे पाहिजे म्हणजे पाहिजे." असू दे. नाचा. मीही नाचेन, गुपचूप.

तर आता मुद्द्याचं. कुणाच्या ओळखीत खरोखर वाजवणारे असतील तर कळवा. चौघं पुरेत. क्लॅरिनेट असेल तर फार बरं, पेटी-ढोलकी असली तरी चालेल. काळे कोट नकोत. फक्त पहिली वीस मिनिटं हवेत, पैसे पूर्ण संध्याकाळचे देईन. एकच अट, दारापासून स्टेजपर्यंत आईला जितका वेळ लागेल तितका वेळ वाजवायचं, आणि डोळे तिच्याकडे ठेवायचे.

आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, मी वॉकर आणणार नाही, तशीच चालणार. मी वॉकर गाडीच्या डिकीत ठेवणार आहे. तिला सांगू नका.