'ब्रेव्हहार्ट'मध्ये फक्त किल्ट चुकलाय म्हणे! आणि पूल कुठे गेला?

परवा तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच पोस्ट आली, तुम्हालाही आली असेल. म्हणणं थोडक्यात असं की 'ब्रेव्हहार्ट'वर, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांशी लढलेल्या स्कॉट वीर विल्यम वॉलेसवरच्या सिनेमावर, इतिहासवाले उगाच तुटून पडतात, त्यात किल्ट (स्कॉट पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) आणि निळी तोंडं तेवढी चुकलीत, बाकी खरं आहे, म्हणजे वॉलेस गरीब शेतकऱ्याचा पोरगा हे खरं, इंग्रजांचा तो पहिल्या रात्रीचा कायदा (नव्या नवरीची पहिली रात्र जमीनदाराची) खरा, स्टर्लिंगची लढाई खरी, स्कॉट सरदार रॉबर्ट ब्रूसची गद्दारी खरी, इंग्लंडच्या युवराज्ञीचं वॉलेसशी प्रकरणसुद्धा "बहुतेक खरं", आणि जे थोडंफार बदललंय ते सिनेमा रंगावा म्हणून. खाली बदामांचा पाऊस.

मी पण हा सिनेमा हॉस्टेलला सीडीवर पाहिलाय, दुसरी सीडी अडकायची, शेवटच्या 'फ्रीडम'ला चित्र गोठलं होतं तरी अंगावर काटा आला होता. १९९५ चा सिनेमा, पाच ऑस्कर, सगळं मान्य. माझं भांडण फक्त "बाकी खरं आहे" या तीन शब्दांशी आहे.

किल्ट त्यांनी स्वतःच सोडलाय म्हणून पटकन उरकतो. तो अंगाभोवती गुंडाळायचा मोठा प्लेड, म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड, सोळाव्या शतकाच्या शेवटी दिसायला लागतो, तोही उत्तरेकडच्या डोंगरी भागात, आणि वॉलेस नैऋत्येच्या सखल भागातला. निळा रंग फासणारे ब्रिटन लोक ज्युलियस सीझरने लिहून ठेवलेत. म्हणजे अंगावर तीनशे वर्षं पुढचा कपडा आणि तोंडावर तेराशे वर्षं मागचा रंग.

आता "बाकी". सिनेमा सुरू होतो १२८० मध्ये, स्कॉटलंडचा राजा निपुत्रिक मेलाय आणि इंग्लंडचा राजा एडवर्ड याने, जो म्हणे क्रूर 'पेगन' (म्हणजे ख्रिस्ती नसलेला) आहे, गादीवर हक्क सांगितलाय. पहिल्याच मिनिटात दोन चुका. एडवर्ड क्रूर होता हे कुणीच नाकारत नाही, पण पेगन? हा माणूस धर्मयुद्धाला पॅलेस्टाइनपर्यंत जाऊन आलेला. आणि १२८० ला स्कॉटलंडचा राजा अलेक्झांडर तिसरा चांगला धडधाकट होता, तो गेला मार्च १२८६ मध्ये, वादळी रात्री नवीन बायकोला भेटायला किंगहॉर्नला निघाला, लोकांनी नको सांगितलं तरी ऐकलं नाही, अंधारात घोड्यावरून पडला आणि सकाळी मेलेला सापडला. मागे उरली नॉर्वेतली लहानगी नात, तीही १२९० ला स्कॉटलंडच्या वाटेवर ऑर्कनीत गेली. मग गादीला तेरा दावेदार उभे राहिले आणि निवाडा करायला एडवर्डला बोलावलं कोणी तर खुद्द स्कॉट सरदारांनीच. त्याने आधी "मी तुमचा सार्वभौम" हे कबूल करून घेतलं, १२९२ ला जॉन बॅलिओलला गादीवर बसवलं, त्याला इतकं पिडलं की त्याने फ्रान्सशी तह केला, आणि मग १२९६ ला एडवर्डची फौज आत शिरली. म्हणून सिनेमाच्या सुरुवातीला छोट्या विल्यमला दिसलेलं ते फासावर लटकवलेल्या सरदारांनी भरलेलं खोपटं इतिहासात नाही, कारण १२८० ला तिथे इंग्रजांचं राज्यच नव्हतं.

गरीब शेतकऱ्याचा पोरगा. इथे एक वस्तूच बघा. स्टर्लिंगच्या विजयानंतर महिनाभराने, ११ ऑक्टोबर १२९७ ला, वॉलेस आणि त्याचा जोडीदार अँड्र्यू मरे यांनी जर्मनीतल्या ल्यूबेक आणि हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र पाठवलं, की आमची बंदरं परत खुली झालीत, माल घेऊन या. सिनेमातला हा माणूस दगड फेकून मारतो, खरा माणूस लढाईचं रक्त वाळतं न वाळतं तोच आयात-निर्यात सुरू करतोय! त्या पत्रावर वॉलेसची स्वतःची मोहोर आहे, एका बाजूला ताणलेलं धनुष्य, आणि त्यावरच्या लॅटिन अक्षरांत ॲलन वॉलेसचा मुलगा असं वाचता येतं. सिनेमात बापाचं नाव माल्कम. बरं, १२९६ ला एडवर्डपुढे निष्ठेची शपथ घेणाऱ्यांच्या यादीत एअरशायरचा एक ॲलन वॉलेस आहे, तो थेट राजाकडून जमीन धारण करणारा. तोच हा बाप की नाही यावर वाद आहे, पण वॉलेस छोट्या जमीनवाल्या घराण्यातला होता एवढं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मार्च १२९८ पर्यंत तो सर विल्यम, राज्याचा रक्षक, म्हणजे राजाच्या जागी कारभार पाहणारा, झालेला होता.

पहिल्या रात्रीचा कायदा हा तर सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारा भाग. एडवर्डने असा हुकूम काढला याचा एकही पुरावा नाही, त्याच्यावर खार खाऊन असलेले इतिहासकार त्याच्या कत्तली मोजून सांगतात, बर्विक गावची तर नक्कीच, पण हे कुणी म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये ही गोष्ट येते १५२७ च्या एका बखरीत, हेक्टर बोईस नावाच्या पंडिताच्या, आणि तोही दोष देतो तो प्राचीन काळच्या एका दंतकथेतल्या स्कॉट राजालाच. प्रत्यक्षात होतं ते 'मर्चेट', म्हणजे कुळाने मुलीचं लग्न लावताना जमीनदाराला भरायचे पैसे. जुलूम होताच, पण पैशाचा.

आणि सिनेमात वॉलेस पेटून उठतो तो बायकोचा खून? मे १२९७ मध्ये वॉलेसने लॅनार्कचा शेरिफ (राजाचा अधिकारी) हेझलरिग मारला हे पक्कं, पुढे वॉलेसवर चाललेल्या खटल्यातल्या आरोपात आहे. का मारला हे त्या काळचा कोणी सांगत नाही. बायकोची कथा आली ब्लाइंड हॅरी नावाच्या कवीकडून, साधारण १४७७ मध्ये, वॉलेस जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली तेव्हा. सिनेमाचा अर्धा मालमसाला त्या पोवाड्यातलाच आहे. पोवाडा म्हणून वाचा ना, कोण नाही म्हणतंय.

आता स्टर्लिंग. यावर मी जरा जास्त बोलणार. ११ सप्टेंबर १२९७. या लढाईचं नावच स्टर्लिंग ब्रिजची लढाई, आणि सिनेमात पूल नाही! मोकळ्या मैदानावर दोन रांगा, भाषण, लांब भाले, संपलं. खरं काय झालं बघा. फोर्थ नदीवर अरुंद लाकडी पूल, दोनच घोडेस्वार शेजारी शेजारी जातील एवढा. पलीकडे ॲबी क्रेगच्या टेकडीवर वॉलेस आणि मरे. सकाळी इंग्रज पायदळ पूल ओलांडायला लागलं आणि त्यांना परत बोलावलं, कारण सेनापती अर्ल ऑफ सरे अजून झोपलेला! मग दोन भिक्षू पाठवले, शरण या म्हणून, वॉलेसने वाटेला लावले. लुंडी नावाचा सरदार म्हणाला वरच्या अंगाला उतार आहे, साठ-साठ जण एकदम जातील, मला थोडी माणसं द्या, पण खजिनदार क्रेसिंगहॅम म्हणाला कशाला राजाचा पैसा वाया घालवताय, चला पुलावरून. गेले. पुरेशी माणसं पलीकडे येईपर्यंत स्कॉट लोक टेकडीवर गप्प बसून राहिले आणि मग खाली येऊन पुलाचं तोंडच दाबलं. मागे नदीचं वळण, पुढे भाले, आणि सरे अलीकडच्या काठावरून स्वतःची माणसं बुडताना बघतोय, शेवटी पूल पाडायला लावून बर्विककडे पळाला. क्रेसिंगहॅम मेला आणि त्याचं कातडं सोललं, लॅनरकॉस्टच्या बखरीत तर त्यातून वॉलेसने तलवारीचा पट्टा करून घेतला असं लिहिलंय.

आणि हे सगळं काढलं, तर म्हणे सिनेमा रंगावा म्हणून! झोपलेला सेनापती, कंजूष खजिनदार आणि अरुंद पूल यापेक्षा रंगतदार काय लिहिणार होता तुम्ही? अँड्र्यू मरे तर अख्खाच गायब. उत्तरेकडचं बंड त्याने उभं केलं, या लढाईत जखमी झाला आणि त्या वर्षाच्या शेवटाला गेला. वॉलेसला एकटा हिरो करायचा म्हणून त्याला कात्री.

ब्रूसची गद्दारी. फॉल्कर्कची लढाई, २२ जुलै १२९८, पाडलेल्या स्वाराचं शिरस्त्राण निघतं आणि आत रॉबर्ट ब्रूस, मला तर त्या सीनला पोटात खड्डा पडला होता. पण त्या दिवशी तो एडवर्डच्या बाजूने लढला याचा पुरावा नाही, उलट त्याच मोहिमेत त्याने एअरचा किल्ला इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून जाळला. फॉल्कर्कनंतर वॉलेसने रक्षकपद सोडलं तेव्हा त्या जागी आलेल्या दोघांपैकी एक ब्रूसच होता, स्कॉट लोकांनी गद्दाराला असं पद दिलं असतं का? हां, ब्रूस बाजू बदलत होता हे खरंय, १३०२ ला एडवर्डला शरण गेलाच, त्याला संत करायची गरज नाही. वॉलेसला पकडून दिलं ते स्कॉट सरदार जॉन मेंटीथच्या माणसांनी, ऑगस्ट १३०५, ग्लासगोजवळ. सिनेमात हे काम ब्रूसचा बाप करतो, तो बिचारा १३०४ लाच गेलेला.

युवराज्ञी इसाबेला, सिनेमात तिच्या पोटात वॉलेसचं मूल असतं, पण हे फक्त गणित आहे. जन्म १२९५ च्या आसपास, म्हणजे फॉल्कर्कच्या वेळी तीनेक वर्षांची. लग्न होऊन इंग्लंडला आली १३०८ ला, वॉलेसला मारलं २३ ऑगस्ट १३०५ ला, आणि तिचा मुलगा एडवर्ड तिसरा जन्मला नोव्हेंबर १३१२ मध्ये. सात वर्षांचं गरोदरपण झालं हे. वॉलेसबरोबर त्याच क्षणी मरणारा म्हातारा एडवर्डसुद्धा प्रत्यक्षात जुलै १३०७ ला स्कॉटलंडवर चालून जाताना वाटेत मेला.

राहता राहिला "सिनेमा म्हटल्यावर एवढं चालतंच" हा मुद्दा. २०१८ चा 'आउटलॉ किंग' बघा, ब्रूसवरचा. त्यातही चुका आहेत, लाउडन हिलच्या लढाईत इंग्लंडचा युवराज आणून बसवलाय जो तिथे नव्हताच. पण १३०४ चा स्टर्लिंगचा वेढा घेतलाय, जिथे किल्ला शरण येतोय तरी एडवर्ड म्हणतो थांबा, एवढं मोठं दगडफेकीचं यंत्र बांधलंय, आधी ते चालवून बघू. हे घडलेलं आहे, आणि सिनेमातला सगळ्यात भारी प्रसंग तोच.

आणि जाता जाता, ते नाव. 'ब्रेव्ह हार्ट'ची परंपरेतली गोष्ट वॉलेसची नाहीच, ज्याला सिनेमाने गद्दार ठरवला त्या ब्रूसची आहे. तो १३२९ ला गेल्यावर त्याचं काळीज डबीत घालून त्याचा सरदार जेम्स डग्लस धर्मयुद्धाला निघाला, १३३० ला स्पेनमध्ये तेबाच्या लढाईत स्वतः मेला, आणि काळीज परत आणून मेलरोजच्या मठात पुरलं. १९९६ ला, सिनेमा येऊन वर्ष झालं होतं, तिथे खणताना शिशाची एक शंकूसारखी डबी मिळाली, ती त्याचीच असं मानतात. १९९८ ला ती परत तिथेच पुरली.