धावायचं कशाला, सरळ पैसे देऊन टाक नं

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी देणग्या गोळा करत मी मुंबईची मॅरेथॉन धावले, त्याला तीन आठवडे झाले, पाय आता बरे आहेत, पण एक प्रश्न जूनपासून इतक्या लोकांनी विचारला की आज बसून लिहूनच टाकते. सगळ्यात सरळ विचारला तो आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी, "बाप्पा, पोराइले मदतच करायची आहे तर कायले धावून राहिली, सरळ पैसे देऊन टाक नं." काका मनाने चांगले आहेत, विचारता विचारताच पाचशेची नोट काढली होती. पण प्रश्न खराच आहे, त्याला उत्तर द्यायला हवं.

आधी सांगते हे कुठून सुरू झालं. माझ्या ब्रांचमध्ये एक दादा आहेत, त्यांची मुलगी नऊ वर्षांची, सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात थंडी पडली तशी तिला क्रायसिस, म्हणजे असह्य कळांचा झटका, आली आणि अॅडमिट करावं लागलं, मी भेटायला गेले. दोन्ही पाय आईच्या शालीत गुंडाळलेले, वडील गुडघ्याखाली हात फिरवतायत आणि ती पोरगी रडत नव्हती, टॉवेलचं टोक दातात घट्ट धरून भिंतीकडे बघत होती. कळ कमी झाली की टोक सोडायची, आली की परत धरायची. मी अर्धा तास होते तिथे, तेवढ्यात चार वेळा धरलं तिने.

इतकी वर्षं नागपुरात राहून मला सिकलसेल म्हणजे फक्त "रक्त कमी असतं" एवढंच माहीत होतं. आणि पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे, आपल्या नागपुरातही आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही म्हणून ती कळ येते. थंडीने होतं, तापाने होतं आणि अंगातलं पाणी कमी झालं तरी होतं.

हे पाण्याचं मला ट्रेनिंगमध्ये खरं समजलं. जूनमध्ये पहाटे पावणेपाचला लेडीज क्लब चौकातून निघायचं, जपानी गार्डन, सेमिनरी हिल्सचा चढ, खाली फुटाळा आणि परत, आणि उकाडा असा की सोळा किलोमीटर धावून घरी आल्यावर काट्यावर वजन दीड किलो कमी. सगळं पाणीच. ऑक्टोबर हीटमध्ये तर माटे चौकापर्यंत येता येता डोळ्यापुढे अंधारी यायची, मग लिंबू-साखर-मिठाची बाटली कमरेला बांधून धावायला लागले. मी दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, पोरीला दिवसभर पाणी प्यायला सांगतात पण शाळेत बाटली काढली की टीचर रागावतात आणि बाथरूमला दोनदा सोडत नाहीत. या मुलांच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे त्यांना सारखं जावंच लागतं, पाणीही जास्त लागतं. ती पोरगी वर्गात लघवी सुटू नये म्हणून पाणी पीतच नव्हती. शाळेचं नाव लिहीत नाही, एका चिठ्ठीने प्रश्न सुटला, पण चिठ्ठी लागते हे आईवडिलांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी एवढं तरी वाचा.

आता पैशाचं. मी चॅरिटी बिब, म्हणजे देणग्या गोळा करून धावणाऱ्यांचा स्पर्धेचा नंबर, घेतला, एका संस्थेसाठी जी तपासणी शिबिरं घेते, क्रायसिस कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आणि गावाकडून नागपूरला येण्याजाण्याचं भाडं देते. माझं ठाम मत आहे की बिबचे पैसे, तिकीट, मुंबईतलं राहणं, बूट हे सगळं धावणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावं, लोकांनी मुलांसाठी दिलेल्या पैशाला त्यात हात लावू नये. मी विदर्भ एक्सप्रेसने गेले, मावसबहिणीकडे राहिले. सुरुवातीला एका क्राउडफंडिंग साइटवर पेज केलं होतं तर तिथे देणाऱ्याच्या रकमेवर टिप आपोआप चढायची, मी ते बंद केलं आणि सरळ संस्थेच्या खात्यात, रसीद त्यांच्याच नावाची. ज्यांना ८०जी, म्हणजे देणगीवरची करसूट, हवी त्यांनी पॅन द्या, दोन हजारांच्या वर कॅश देऊ नका ती चालत नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर सूट मिळणारच नाही हे मी आधीच सांगून टाकायची. काही जणांनी त्यावर दिले नाहीत. चालेल, पण नंतर कुणी फसवलं म्हणू नये.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर अंगठे आले, पैसे आले नाहीत. मग रविवारी लॉन्ग रन झाला की त्याच घामेजल्या टीशर्टवर पोह्याच्या टपरीवर थांबायचे, लोक विचारायचे ताई किती झालं आज, मी म्हणायची सव्वीस, कायले बाप्पा इतकं, आणि मग तर्री संपेपर्यंत मी सिकलसेलवर बोलायची. आईवडील दोघं वाहक असतील, म्हणजे एएस, दोष एकाच बाजूने आलेला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल एसएस होईल, आणि लग्नाआधी एक रक्ततपासणी केली की हे आधीच कळतं. केंद्राने २०२३ मध्ये मिशन सुरू केलंय, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, पण आपण जातच नाही.

काका, हे माझं उत्तर. सरळ पैसे दिले असते तर माझ्या ऐपतीप्रमाणे वीसएक हजार दिले असते आणि विषय तिथेच संपला असता. धावले म्हणून सात महिने लोकांनी स्वतःहून विचारलं आणि मला बोलायला मिळालं. २१३ लोकांनी मिळून १ लाख ८७ हजार ४०० दिले, कुणी पन्नास, कुणी पाच हजार. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, तिथे मी चालले, धावू शकले नाही, आणि ४२.१९५ किलोमीटरला साडेपाच तास लागले. पण पूर्ण केलं.

एक गोष्ट राहिली. रसीदबुक घेऊन घरोघरी फिरले तेव्हा एका ताईंनी दार अर्धंच उघडलं, पैसे दिले आणि हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही आहे, कोणाले सांगू नका, पोराचं लग्न व्हायचंय." मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही, रसीद फाडून दिली आणि निघाले. हे त्यांना विचारूनच लिहितेय. परवा त्यांचा फोन आला, स्थळ आलंय, मुलगा म्हणतो मुलीकडच्यांना आधी सांगायचं आणि दोघांची तपासणी करायची, तुम्ही सोबत याल का. मुलीकडचेही हो म्हणालेत. सोमवारी सकाळी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जातोय आम्ही, मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीय.